ताइताच्या जागी कडुनिंब

१

गुरुवारी सकाळी मी काचेची पेटी पुसायला गेले, तेव्हा ताइताच्या जागी कडुनिंबाची एक डहाळी ठेवलेली होती.

कुलूप लागलेलं होतं आणि काच शाबूत होती. ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या मी चार कोपऱ्यांत ठेवल्या होत्या, त्या तिथेच होत्या. बुधवारी दुपारपर्यंत मधल्या मखमलीवर तळहाताएवढा तांब्याचा पत्रा होता. आता तिथे ताजी, हिरवी डहाळी होती आणि तिच्या पानांवर हळद लागली होती.

हा पत्रा म्हणजे आमच्या प्रदर्शनाचा जीव. जिंजीच्या किल्ल्याला आठ वर्षं वेढा पडला होता, त्या काळातला. एका बाजूला देवीचं यंत्र, दुसऱ्या बाजूला आकड्यांचा चौकोन आणि त्याभोवती अरबी अक्षरं. तो ज्यांच्या मालकीचा, त्या व्यंकोजीरावांच्या घराण्यात सांगतात की छावणीत देवीची साथ आली, तेव्हा गावदेवीचा पुजारी आणि एक फकीर यांनी मिळून तो घडवला. एकच पत्रा, दोघांचे दोन हात. गोळी लागू नये म्हणूनही तो गळ्यात घालत आणि अंगावर फोड उठू नयेत म्हणूनही.

आमचं अभ्यास केंद्र चेन्नईत, अड्यारमधल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर आहे. मध्ययुगातला समाज, त्याच्या लढाया, साथी आणि श्रद्धा हा इथला विषय. मी मूळची सांगलीची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली. माझ्या वर्गातले बरेच जण शोळिंगनल्लूरच्या आयटी कंपन्यांत गेले. मी इथे जुन्या धातूंवरचा गंज थांबवते. २००६ सालच्या त्या आठवड्यात मी फक्त या एका पत्र्यासाठी जगत होते. रविवारी उद्घाटन होतं.

केंद्राच्या संचालिका कुमुदिनीबाई धावत आल्या. त्या पुण्याच्या, पण तीस वर्षं चेन्नईत. पेटीकडे पाहून त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"इरा, ही तुझी काही नवी मांडणी आहे असं सांग मला."

"नाही मॅडम."

"मग व्यंकोजीरावांना मी तोंड कसं दाखवू? त्यांनी विश्वासानं दिला होता गं."

पेटीच्या दाराच्या लाकडी चौकटीवर बोटाएवढा पिवळा डाग होता. तो आम्हा दोघींना एकदमच दिसला. त्याच वेळी दारातून बादली घेऊन हेमावतीअक्का आत आली. ती रोज सकाळी केंद्र झाडूनपुसून घेते. तिचा चेहरा नेहमीप्रमाणे हळदीनं पिवळा होता.

कुमुदिनीबाईंनी डागाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

२

"मी कशाला घेऊ अम्मा?" हेमावतीअक्का तमिळमध्ये पुन्हा पुन्हा हेच म्हणत होती. "ती वस्तू आमच्या देवीची आहे. मी तिला लांबून हात जोडते. पेटीला मी कधी हातसुद्धा लावत नाही, या पोरीनं सांगितलंय म्हणून."

"मग ही हळद कुणाची? कडुनिंब कुणाचा? सकाळी दार तूच उघडतेस."

तोवर विजयकुमार आला. तंजावरच्या जुन्या मराठी कुटुंबातला, मध्ययुगीन रोगराईवर संशोधन करणारा. बोलताना त्याचं मराठी दर दोन वाक्यांनी तमिळच्या गल्लीत शिरायचं.

"सिंपल आहे मॅडम. कुणाच्या तरी अंगात आलंय. म्हणून मी आधीपासून सांगत होतो, या गोष्टी म्युझियममध्ये पाहिजे. घरात ठेवले तर लोक पूजा करत बसतात, सयन्स कोण करणार?"

"तू आधी गप्प बस. पोलिसांना बोलवावं लागेल."

पोलीस म्हटल्यावर हेमावतीअक्काच्या हातातली बादली खाली आली. ती रडली नाही. साडीचा पदर तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि चोरीचा आळ घरात आला तर तिला नोकरीत कोण घेईल, हे तिथल्या प्रत्येकाला न सांगता कळत होतं.

"मॅडम, एक मिनिट," मी म्हटलं.

मी अक्काच्या बादलीत कापसाचा बोळा बुडवला आणि डागाच्या एका कडेला लावला. पिवळा रंग बघता बघता विटकरी लाल झाला.

"रक्त?" विजयकुमार दचकला.

"हळद. घरी कुंकू कसं करतात, आठवा. हळदीला चुना लागला की ती लाल होते. धुण्याच्या सोड्यानंही होते. अक्का आधी जिना आणि व्हरांडा सोड्याच्या पाण्यानं पुसते, मगच या खोलीत येते. तिच्या हातानं हा डाग पडला असता, तर तो आधीच लाल असता."

"काल संध्याकाळी कोरड्या हातांनी आली असेल तर?" कुमुदिनीबाईंनी विचारलं. त्या इतिहासाच्या असल्या, तरी युक्तिवादातलं भोक त्यांना लगेच दिसतं.

ते भोक मलाही दिसत होतं. म्हणून मी टेबलाचा खण उघडला. जुना धातू हाताळण्यासाठी मी पातळ सुती हातमोजे ठेवते. माणसाच्या घामातल्या मिठानं तांबं गंजतं, हे मी सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवलंय की विजयकुमार माझी नक्कल करून दाखवतो. पाकिटातला एक जोड कमी होता.

"ज्यानं ताईत नेला, त्यानं मोजे घातले. पेटी लगेच बंद केली, नाहीतर पुड्यांमधले निळे दाणे दमटपणानं गुलाबी पडले असते. एकही पुडी जागची हलली नाही. मॅडम, या माणसाला पत्र्याची काळजी होती. आणि मोज्यांचं मी अक्काला कधी सांगितलेलं नाही. तिला नुसतं 'हात लावू नकोस' एवढंच सांगितलं होतं."

पेटीची किल्ली कपाटावरच्या पितळी गडूमध्ये असते हे ठाऊक असलेली आणि माझं मोज्यांचं पुराण ऐकलेली माणसं मला धरून चारच होती.

त्यातला चौथा माणूस दारात उभा होता. आमचं बोलणं तो कधीपासून ऐकत होता, कोण जाणे.

३

मीरानसाहेब आमचे छायाचित्रकार. वय साठीच्या आसपास. कोरीव लेखांचे ठसे तेच घेतात आणि अरबी-फारसी अक्षरंही तेच वाचतात. बालपण तंजावरात मराठी शेजाऱ्यांत गेलं, म्हणून मराठी छान बोलतात. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. त्यांच्या गालांवरचे खोल वण पाहून नवा माणूस जरा बिचकतो आणि मग त्यांच्या विनोदांवर हसू लागतो.

आज ते हसवत नव्हते.

"पोलीस बोलावणार असाल तर बाई, माझं नाव द्या. हिचं नको."

"तुमचं कशाला?" कुमुदिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? पण प्रत्येकाचा भार तुम्ही आपल्या अंगावर घेऊ नका. हळद, कडुनिंब... तुमचा काय संबंध?"

मीरानसाहेबांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. खिशातून रुमाल काढून मान पुसली. मग गळ्यातला कॅमेरा सावरत त्यांनी विचारलं, "रिकाम्या पेटीचा फोटो लागेल ना?" आणि वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेऊ लागले.

कुमुदिनीबाईंनी संध्याकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं. "संध्याकाळी व्यंकोजीराव येतील. तोवर तू शोध काय शोधायचं ते. नाहीतर मी फोन करणार, आणि पोलीस आले की पहिला प्रश्न कुणाला विचारतील हे तुलाही कळतंय."

मी एकेकाला गाठलं.

विजयकुमारनं हात वर केले. "मी काल संध्याकाळी कुठं होतो? मॅडमच्या भाचीच्या लग्नात! तू पण होतीस की. हे बघ, तांबूलाची पिशवी अजून माझ्या बॅगेत आहे." त्यानं खरंच नारळ काढून टेबलावर ठेवला. "आणि मी कशाला चोरू? मला तो टेस्टिंगला पाहिजे, लपवायला नाही. माझा पेपर वाचला नाहीस? साथ आली की लोक हा ताईत उसना नेत होते. लस आली आणि ती चाल संपली. शेवटची नोंद शंभर वर्षांपूर्वीची. मेलेली चाल आहे ती. डेड."

"नेत होते म्हणजे कसे? मागून?"

त्यानं नारळ परत बॅगेत टाकला. "ते... तेवढं डीटेल नाही मिळालं. व्यंकोजी ताता काही सांगत नाहीत. मी विचारलं की कॉफी देतात."

दुपारी नेहमीसारखे आम्ही एका टेबलावर जेवायला बसलो. हे टेबल म्हणजे आमच्या केंद्रातलं खरं संशोधन, असं मीरानसाहेब म्हणतात. विजयकुमारच्या बायकोची वांग्याची कोळंबू, म्हणजे चिंचेची आमटी, माझा खानावळीचा डबा आणि मीरानसाहेबांचे मोहरी-कढीपत्त्यात परतलेले मासे, ज्यांच्या वासानं शाकाहारी कुमुदिनीबाई खुर्ची खिडकीकडे सरकवतात. पण आज त्यांनी खुर्ची सरकवली नाही. मीरानसाहेबांच्या डब्यात ताकभात होता आणि एक कच्चा कांदा.

"अजून पोट बरं नाही?" मी विचारलं. सोमवारपासून हेच चाललं होतं.

"म्हाताऱ्याचं पोट आणि सरकारी फाइल, दोन्ही आपल्या वेळेनं हलतात."

"व्हेज बिर्याणी पण चुकवलीत काल," विजयकुमार म्हणाला. "तुम्ही आणि लग्न चुकवणार! मॅडमनी फोटोचं काम तुम्हालाच दिलेलं."

"कॅमेरा बिघडला, मी काय करू?"

मी हातातला घास तसाच धरला. मीरानसाहेबांच्या खुर्चीच्या पाठीला कॅमेरा टांगला होता. सकाळी त्यांनी रिकाम्या पेटीचे फोटो त्याच कॅमेऱ्यानं काढले होते. दुसरा कॅमेरा त्यांच्याकडे नाही.

४

व्यंकोजीराव संध्याकाळी काठी टेकत जिना चढून आले. ऐंशीच्या पुढचं वय. धोतर, जरीचं उपरणं, कपाळावर विभूती. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात होते. त्यांचं मराठी ऐकताना मला नेहमी वाटतं की कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर म्हणतंय.

कुमुदिनीबाईंनी हात जोडले. "मोठा अपराध झाला आमच्याकडून. मी तक्रार लिहून ठेवलीय, फक्त तुमची सही..."

"जागी काय आहे?" त्यांनी मध्येच विचारलं.

"कुठल्या जागी?"

"ताइताच्या जागी. काय ठेविलें आहे?"

"कडुनिंबाची डहाळी."

म्हातारबाबांचे खांदे सैल झाले. ते पेटीजवळ गेले, वाकून पाहिलं आणि काचेला कपाळ टेकवलं.

"काढू नका ती. सही मी करीत नाही. मज कॉफी द्या."

"अहो पण चोरी..."

"चोरी कोठे झाली, अम्मा?"

यापुढे ते बोलेनात. कुमुदिनीबाई हताश होऊन कॉफी सांगायला गेल्या. मी व्यंकोजीरावांच्या पायांशी जमिनीवर बसले. विजयकुमार विचारायचा, 'ही चाल कधी बंद पडली?' मी वेगळं विचारायचं ठरवलं.

"ताता, तुमच्या तंजावरच्या घरी ताईत कुठे असायचा?"

"बाहेरल्या ओट्यावर, कोनाड्यात."

"कुलूप?"

"कोनाड्यास कुलूप असते काय?" ते हसले. "ज्याच्या घरी अम्मा आल्या, त्यानें यावें. न बोलतां न्यावा. जागी हळद लाविलेली डहाळी ठेवावी. ताइताचें पाणी अंगास लावावें. उतार पडून आजारी माणसाच्या डोईवरून पाणी घातलें, की न बोलतां आणून ठेवावा. नेणाऱ्यानें मागूं नये, घरच्यांनीं पुसूं नये. आजाराचें नांव घेतलें तर अम्मांस राग येतो."

"नेणारा कोण, हे तुम्हाला कळायचं?"

"डोळे होते की आम्हांस. पण पुसूं नये मणजे पुसूं नये. ब्राह्मण नेत, वेशीबाहेरचे परैयर नेत, तुर्क नेत. माझा आजा मणायचा, जो विचारील तो घरचा नव्हे."

"मग तुम्ही विजयकुमारना का नाही सांगितलंत?"

"तो मज विचारी, केव्हां मेली? जिवंत वस्तूच्या मरणाची तारीख मी कोठून देऊं?"

माझ्या मागे कप खणखणले. कॉफी घेऊन आलेल्या कुमुदिनीबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या खांद्यामागे विजयकुमार.

"म्हणजे," त्या हळूहळू म्हणाल्या, "कोनाड्याला आपण कुलूप लावलं."

"हो," मी म्हटलं. "कोनाड्यातून नेला असता तर ते उसनं नेणं होतं. आपल्या पेटीतून नेला, म्हणून चोरी झाली."

पण त्या संचालिका होत्या. "ठीक आहे. पण कुणी नेला? नाव कळल्याशिवाय हेमावतीवरचा संशय जात नाही, इरा. लोक बोलतच राहतील."

नाव मला कळलं होतं. ज्या घरात अम्मा येतात, म्हणजे देवी किंवा कांजिण्या निघतात, तिथे तेलाची फोडणी पडत नाही आणि घरातली माणसं लग्नाकार्याला जात नाहीत. हे मला माझ्या घरमालकिणीनं चेन्नईत पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं होतं. शेजारी कुणाला कांजिण्या आल्या होत्या आणि मी त्यांच्या दाराशी भजी घेऊन गेले होते. मोजे माहीत असलेल्यांपैकी कुमुदिनीबाई, विजयकुमार आणि मी तिघंही लग्नात जेवलो होतो. उरला एकच.

आणि त्यानं सकाळीच सगळ्यांसमोर स्वतःचं नाव सांगितलं होतं. आम्ही हिंदू-मुसलमानांच्या सहजीवनाचे अभ्यासक. कडुनिंब पाहिला, हळद पाहिली आणि त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं.

"मॅडम, मला सकाळपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

५

मीरानसाहेब अड्यारच्या बसथांब्यावर भेटले. तांबरमला राहतात ते. रोज निघताना दारात उभे राहून सगळ्यांना 'वरेन्' म्हणतात, येतो म्हणून. त्या दिवशी ते न बोलता निघाले होते. मागचे सगळे दिवसही. हेसुद्धा मला आत्ता आठवत होतं. अम्मा आलेल्या घरातून निरोप देत-घेत नाहीत.

मी शेजारी बसले. विचारायचं नव्हतं. मग काय बोलायचं?

"तांबरमला डॉक्टर चांगले आहेत का?" मी शेवटी म्हटलं.

ते समोरच्या रहदारीकडे बघत राहिले. "चांगले आहेत. दोनदा दाखवलं. गोळ्या चालू आहेत. उतार पडतोय म्हणाले."

"लहान आहे?"

"सून. सातवा महिना चाललाय तिचा."

गरोदरपणात कांजिण्या म्हणजे काय, हे मी वाचलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, श्वासावर लक्ष ठेवा," ते म्हणाले. "मुलगा मस्कतला. बायको रात्रंदिवस रडते. मी शिकलेला माणूस, इराबाई. आकड्यांचा तो चौकोन मीच वाचून दाखवला तुम्हाला, बेरीज सगळीकडून सारखी येते म्हणून. त्यात औषध नाही हे मला कळतं. पण माझ्या या गालांवर हात ठेवून माझी आई सांगायची, तंजावरच्या कोनाड्यातून मी तुला परत आणला. ती नमाज चुकवत नव्हती आणि डहाळी ठेवायलाही चुकली नव्हती. आता सून जड श्वास घ्यायला लागली आणि ताईत माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. मी काय केलं असतं?"

मी त्यांची डब्याची पिशवी उचलून माझ्या मांडीवर घेतली.

"मोजे घातले हं मी," ते एकदम म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत. तांब्याला घाम नको."

"कॅमेरा बिघडला म्हणालात आणि आज त्यानंच फोटो काढलेत."

"अरेच्चा!"

"आणि फोडणी."

"माझ्या डब्यावर पाळत?" इतक्या दिवसांनी ते पहिल्यांदा हसले. लगेच हसू मावळलं. "हेमावतीचं ऐकलं आणि काळीज हललं. मी सांगायलाच तोंड उघडलं होतं. बाई म्हणाल्या, तुमचा काय संबंध? मग वाटलं, आत्ता बोललो आणि घरी काही झालं तर? बायको मला आयुष्यभर... पण उद्या सांगणार होतो. तिच्यावर नाही येऊ देणार. चला, आत्ताच चला परत."

ते उठले. त्यांची बस येत होती.

"घरी जा," मी म्हटलं. "तुम्हाला कुणी काही विचारलेलं नाही."

६

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यांसमोर सांगितलं की ताईत कोणी नेला ते मला माहीत आहे, तो सुखरूप आहे, तो परत येईल आणि मी नाव सांगणार नाही. हेमावतीअक्का नव्हती एवढंच सांगते, आणि तेही पुराव्यानिशी. मीरानसाहेब खिडकीशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

कुमुदिनीबाईंची नजर हळूच खोलीत फिरली, टेबलावरून, डब्यांच्या पिशव्यांवरून, आणि एका जागी थांबली. त्या हुशार आहेत. इतकी वर्षं रोज एकत्र जेवणाऱ्या बाईला फोडणीचा वास नसणं समजायला माझ्यापेक्षा थोडाच जास्त वेळ लागला.

"तक्रारीचा कागद फाडते मी," त्या म्हणाल्या. मग हेमावतीअक्कासमोर जाऊन त्यांनी तमिळमध्ये, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माफी मागितली. अक्का गोंधळून 'परवाइल्ले अम्मा, परवाइल्ले', असू द्या, असू द्या, म्हणत राहिली आणि मग भिंतीकडे तोंड करून रडली.

रविवारी प्रदर्शन उघडलं. मधल्या पेटीत सुकत चाललेली डहाळी होती. शेजारची पाटी विजयकुमारनं स्वतः नव्यानं लिहिली होती: 'जिंजीचा ताईत. सध्या एका घरी गेला आहे.' पाहुणे विचारत, हे काय? तो म्हणे, "माझा पेपर चुकला, ते आहे."

पेटीचं कुलूप मी काढून ठेवलं होतं. रक्षणाच्या सगळ्या नियमांविरुद्ध होतं ते. व्यंकोजीराव आले, त्यांनी उघडी कडी पाहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सोमवार गेला. मंगळवार गेला. त्या दोन दिवसांत मीरानसाहेब कामावर आले नाहीत आणि मी फोनजवळ जाऊन परत फिरत होते. पुसू नये म्हणजे पुसू नये.

बुधवारी सकाळी डहाळी नव्हती. मखमलीवर ताईत होता, आकड्यांची बाजू वर. खोबणींमध्ये हळद बसली होती आणि एका कडेला पाण्याचा थेंब अजून सुकायचा होता. खाली नीट घडी केलेले धुतलेले मोजे होते. नियमाप्रमाणे मी पत्रा लगेच कोरडा करून साफ करायला हवा होता. मी थेंब टिपला. हळद राहू दिली.

दुपारी मीरानसाहेबांनी डबा उघडला. मोहरी, कढीपत्ता आणि लाल मिरचीचा वास खोलीभर पसरला. कुमुदिनीबाईंनी खुर्ची खिडकीकडे सरकवली, मग काय वाटलं कोण जाणे, होती तिथे परत आणली.

"हेमावती, तू पण बस," त्या म्हणाल्या.

"मासा घ्या, इराबाई," मीरानसाहेबांनी माझ्या ताटात मोठा तुकडा वाढला. "सुनेनं सांगितलं, परतताना दोन मिरच्या जास्त घाला. तिला तिखट खायचंय."

कुणीच काही विचारलं नाही. विजयकुमार तोंडात घास कोंबून डोळे मिचकावत राहिला. म्हणाला, मिरची लागली.

संध्याकाळी पाच वाजता मीरानसाहेबांनी कॅमेरा खांद्याला अडकवला, दारात उभे राहिले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "वरेन्."

"या," आम्ही सगळे एकदम म्हणालो.